‘खूप शिकायला मिळालं’ या वाक्याच्या अलीकडे

प्रश्न : मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या मुली वॉर्डात ड्युटीला जातात तेव्हा त्यांच्यासोबत असते. यंदापासून प्रत्येकीने ‘चिंतन-वही’ लिहायची आणि तिला १० गुण, असं ठरलं. कल्पना मला मनापासून आवडली होती. पण तीन महिने ३२ वह्या तपासतेय आणि सगळ्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या वाटतात. ‘आजच्या ड्युटीत खूप शिकायला मिळालं. माझ्याकडून थोडी चूक झाली. यापुढे अधिक काळजी घेईन.’ पुढच्या आठवड्यात तीच मुलगी तीच चूक करते. यांना विचार करायला शिकवायचं कसं? की ते शिकवताच येत नाही, ज्याचं त्यालाच जमावं लागतं?

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. ११ वर्षं या कामात आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी एका मुलीला पेशंटसमोर फार वाईट बोलले. तेव्हापासून रोज रात्री तो प्रसंग डोळ्यांसमोर येतो. विचार थांबतच नाहीत, पण त्यातून हाती काही लागत नाही. आणि परवा दुसऱ्या एकीवर पुन्हा तशीच ओरडले. मग मी कोणत्या तोंडाने मुलींना चिंतन शिकवू? त्या पहिल्या मुलीची माफी मागावी का, की त्याने माझा धाक जाईल?
— एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला ती एकाच दुखण्याची दोन टोकं वाटतात. मुली घडलेला प्रसंग नीट पाहण्याआधीच निष्कर्ष लिहून मोकळ्या होतात. तुम्ही प्रसंग रोज रात्री पाहता, पण निष्कर्षाला पोचत नाही. दोन्हीकडे मधलं पाऊल राहून जातंय. ते शिकवता येतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलींना शिकवता शिकवता तुम्हीही ते शिकाल, म्हणून ‘कोणत्या तोंडाने’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा.

आधी वह्या. ‘खूप शिकायला मिळालं’ हे वाक्य मुली आळसाने लिहितात असं मला वाटत नाही. त्यांना विचारलेला प्रश्नच ते वाक्य मागतो. ‘आज काय शिकलात?’ म्हटलं की काहीतरी शिकलोच आहोत असं धरून उत्तर द्यावं लागतं. वर १० गुण टांगलेले असले की ते उत्तर नम्र, गोड आणि कुणालाही न खुपणारं असावं लागतं. अशा वहीत कुणी लिहील का, की ‘मला त्या जखमेची किळस आली आणि म्हणून मी ड्रेसिंग घाईत उरकलं’? विचार करण्याजोगं वाक्य तर तेच आहे. गुणांच्या भीतीने ते वहीच्या बाहेर राहतं आणि आत नुसत्या पाट्या टाकल्या जातात.

मी बरीच वर्षं नव्या शिक्षकांचे पाठ पाहत होते. पाठ संपला की ते आत्मपरीक्षणाचा कागद भरून द्यायचे, आणि तुमच्या वह्यांसारखेच तेही कागद एकमेकांची नक्कल वाटायचे. एका सकाळी पाठ सुरू होण्याआधी मी एका तरुण शिक्षकाला सहज विचारलं, ‘आज मुलं कुठे अडतील असं वाटतंय?’ तो म्हणाला, ‘अपूर्णांकाच्या भागाकारात. उलटा करून गुणायचं असतं ना, तिथे.’ मी ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवलं. मुलं तिथपर्यंत पोचलीच नाहीत. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश, इथेच अर्धा वर्ग गोंधळला. पाठ संपल्यावर मी ती चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने लिहिलं, ‘मुलांना काय येतं हे मी मागचा धडा शिकवून झालाय यावरून ठरवलं. मुलांना विचारलं नाही.’ वर्षभराच्या त्याच्या कागदांमध्ये ही दोनच वाक्यं अशी होती, ज्यांनी त्याचा पुढचा पाठ बदलला.

तेव्हापासून माझा एक आग्रह आहे : चिंतनाची सुरुवात कामाच्या आधी करायची. काय होईल असं वाटलं होतं ते लिहून ठेवलेलं नसेल, तर जे झालं त्याची तुलना कशाशी करणार?

आठवणीवर इथे विसंबता येत नाही. आपल्याकडे पश्चातबुद्धी म्हणतात ती नुसती उशिरा येत नाही, आल्यावर ‘मी आधीपासून इथेच होते’ असंही पटवून देते. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी एका सहकाऱ्यासोबत १९७५ मध्ये यावर एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीनला आणि सोव्हिएत संघाला जाणार होते. दौऱ्यांआधी काही विद्यार्थ्यांना विचारण्यात आलं की अमुक घडण्याची शक्यता किती, तमुक घडण्याची किती. दौरे उरकल्यावर त्यांना आपापले जुने आकडे आठवायला सांगितले. जे खरोखर घडलं होतं, त्याला आपण आधी दिलेला आकडा बहुतेकांना होता त्यापेक्षा मोठा आठवला. कुणी खोटं बोलत नव्हतं. ‘मला वाटलंच होतं’ हे माणसाला मनापासून वाटतं. आणि ज्याला सगळं आधीच वाटलेलं असतं, त्याच्याकडे शिकण्यासारखं काय उरतं?

म्हणून वॉर्डात असं करून पाहा. हँडओव्हर झालं, म्हणजे आधीच्या पाळीने पेशंट सोपवले, की दोन मिनिटं प्रत्येकीने एका चिठ्ठीवर दोन-तीन ओळी लिहायच्या. आज माझ्या पेशंटपैकी कुणाकडे काय अडेल, कोणतं काम सहज होईल, कशाची धास्ती वाटतेय. घडी घालून खिशात. ड्युटी संपल्यावर चिठ्ठी उघडायची आणि वहीत तिच्याखाली लिहायचं : काय वाटलं होतं, काय झालं, फरक का पडला. सगळं वाटलं तसंच झालं असेल तर ‘तसंच झालं’ एवढंच लिहून वही मिटायची, ओढूनताणून धडा काढायचा नाही. अमेरिकी सैन्यात सरावानंतर जी आढावा बैठक होते, तिचे प्रश्नही जवळपास हेच असतात : काय व्हायला हवं होतं, काय झालं, का झालं, पुढे काय करायचं. तिथे ही बैठक चालवणारा भाषण देत नाही, तो विचारतो, आणि हाताखालच्या माणसाला वरिष्ठाच्या चुकीवर बोलायची मुभा असते. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा मोलाची वाटते. तिच्याकडे पुढे येते.

आता एक उदाहरण घेऊ, कॅन्युलाचं, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवायच्या बारीक नळीचं. समजा, वहीत आहे : ‘आज कॅन्युला पहिल्या प्रयत्नात लागली नाही. पेशंटला त्रास झाला. यापुढे काळजी घेईन.’ काळजी घेणार म्हणजे पुढच्या वेळी तिचे हात नेमकं काय वेगळं करणार? वाक्यात ते कुठेच नाही. आता तिच्या खिशातली चिठ्ठी उघडा. तिथे आहे, ‘७ नंबरच्या आजींची शीर ठळक दिसते. कॅन्युला सहज लागेल.’ या दोन्हींमध्ये जे अंतर आहे, त्यावर तिला पाच मिनिटं बसवलंत तर ती बहुधा असं काही लिहील : ‘शीर दिसत होती म्हणून मी बोटाने चाचपून पाहिली नाही. कातडी ताणून धरली नाही. सुई टोचताच शीर बाजूला सरकली. ठळक दिसते ती शीर सोपी, असं मी धरून चालले. पण म्हातारपणी कातडी सैल होते, तेव्हा शीर दिसली तरी जागेवर राहीलच असं नाही.’

काळजी तिने पहिल्या वेळीही घेतलीच होती. हात थरथरत असतील इतकी घेतली असेल. चुकलं होतं ते धरून चालणं. आणि धरून चाललेली गोष्ट माणसाला स्वतःहून दिसत नाही, कारण ती त्याला गृहीत वाटत नाही, वस्तुस्थिती वाटते. अंदाज आणि घटना यांचा सांधा निखळतो तिथेच ती उघडी पडते. म्हणून मी त्या फटीच्या इतकी मागे लागते.

इथे तुम्ही तिला फक्त एक प्रश्न विचारायचा : ‘हेच तू आणखी कुठे धरून चालतेस?’ घाई करू नका. दोन दिवसांनी ती येईल आणि म्हणेल, ‘मॅडम, पेशंट शांत पडून असला की त्याला दुखत नसेल असं मी धरते.’ कॅन्युलाचा आणि या वाक्याचा वरवर संबंध नाही. आत आहे : डोळ्यांना दिसलं की हाताने किंवा तोंडाने विचारायची गरज नाही, असा तिचा समज आहे. संस्थांमधली माणसं कशी शिकतात याचा अभ्यास करणारे क्रिस अर्गिरिस हा फरक थर्मोस्टॅटच्या उदाहरणाने सांगत. ठरलेल्या अंशाखाली तापमान गेलं की थर्मोस्टॅट उष्णता सुरू करतो; चूक दुरुस्त होते. पण ‘हाच अंश का ठरवलाय?’ असं तो कधी विचारत नाही. ‘पुढच्या वेळी कातडी ताणेन’ ही पहिल्या प्रकारची दुरुस्ती. तीही हवी. पण माणूस घडतो तो दुसऱ्या प्रश्नाने.

प्रश्न विचारल्यानंतरची शांतता सांभाळणं हे तुमचं सगळ्यांत अवघड काम असेल. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१० साली विचार करण्याची क्रिया उलगडणारं एक पुस्तक लिहिलं, तेही शिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून. त्यांचा एक दाखला मला फार आवडतो. अनोळखी वाटेने चाललेल्या माणसापुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. इतका वेळ तो नुसता चालत होता, आता थांबतो. जणू झाडावर चढून दोन्ही रस्ते कुठे जातात ते न्याहाळतो. ड्युईंच्या मते विचार सुरू होतो तो या अडण्यातून, आणि निर्णय लांबवून त्या अनिश्चिततेत टिकून राहणं थोडं क्लेशाचं असतं. आपण शिक्षक तो क्लेश पाहू शकत नाही. मुलगी फाट्यावर दोन क्षण घुटमळली की आपण लगेच ‘डावीकडे’ म्हणून मोकळे होतो. माया असते त्यात, पण झाडावर चढायची तिची संधी आपण काढून घेतो. वहीच्या समासातही ‘छान’, ‘सुधारणा हवी’ लिहू नका. एक प्रश्न लिहा, एकच, आणि त्याचं उत्तर पुढच्या पानावर आलंय का एवढं बघा.

गुणांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : चिंतनाला गुण नकोत. माणूस स्वतःची चूक न्याहाळत असताना पलीकडे कुणी पेन घेऊन बसलं असेल, तर तो सारवासारवच करणार. नियम बदलणं तुमच्या हातात नसेल तर एक मधला मार्ग आहे. वही मुलीची, ती तिच्याजवळच राहील. सत्र संपताना तिने स्वतःच्या पसंतीच्या दोन नोंदी निवडून द्यायच्या आणि याच का निवडल्या ते सांगायचं. १० गुण त्या निवडीला द्या. निवडण्यासाठी तिला सगळी वही पुन्हा वाचावी लागेल. सिंह काही अंतर चालून गेल्यावर थांबून मागे पाहतो म्हणतात, तसं ते तिचं खरं सिंहावलोकन होईल. आणि आपण एकाच दगडाला चार वेळा ठेचकाळलो हे तुम्ही न सांगता तिच्या लक्षात येईल.

दोन पथ्यं मात्र कडक पाळा. वहीत पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काही नको. आणि ज्या चुकीने पेशंटला इजा झाली किंवा होऊ शकली असती, ती त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरांना सांगायची. चिंतन त्यानंतर. वही म्हणजे चूक लपवायची जागा आहे असा समज एकदा झाला की सगळंच बिघडेल.

तिसरं पथ्य मी सहसा सांगत नाही, पण तुमच्या कामात ते लागेल. एखादीच्या हातातला पहिला पेशंट दगावला, तर त्या दिवशी तिला चिठ्ठी उघडायला लावू नका. ‘यातून काय शिकलीस’ हे तर विचारूच नका. तिच्याजवळ बसा. तिला बोलायचं असेल तर बोलू द्या, नसेल तर राहू द्या. प्रत्येक अनुभव दळून त्याचं पीठ काढायचं नसतं, निदान लगेच नाही. कधी दोन महिन्यांनी ती स्वतःच त्याबद्दल लिहील.

वहीचं शेवटचं पान मात्र राखून ठेवायला सांगा. चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे : आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी एखादी गोष्ट वाचनात, पाहण्यात किंवा मनात आली की ते ती ताबडतोब टिपून ठेवत, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात हे त्यांनी अनुभवलं होतं. मुलींच्या शेवटच्या पानावर तेवढंच असावं : ‘माझ्या समजुतीच्या विरुद्ध गेलेलं.’ हा पेशंट चिडका आहे असं वाटलं होतं, त्याला ऐकू कमी येत होतं. अशा पाचसहा ओळी साठल्या तरी मोठं धन आहे. यात चुकाच आल्या पाहिजेत असंही नाही. जे काम नशिबाने साधलं, कसं साधलं ते कळलं नाही, तेही तिथेच लिहावं. त्याकडे सहसा कुणी वळून पाहत नाही.

आता तुमच्याबद्दल.

‘विचार थांबतच नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. ताई, त्याला मी विचार म्हणणार नाही. आपल्या भाषेत त्याला उगाळणं म्हणतात, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच. मानसशास्त्रातही आत्मचिंतन आणि हे उगाळणं या दोन वेगळ्या गोष्टी मानतात. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हींत माणूस स्वतःकडेच पाहत असतो. ओळखायची खूण मी अशी ठेवली आहे : चिंतनात प्रत्येक फेरीला काहीतरी नवा तपशील हाती येतो, कोण कुठे उभं होतं, आधी काय घडलं होतं. उगाळण्यात प्रत्येक फेरीला तेच वाक्य येतं, ‘मी अशी कशी वागले?’ तो प्रश्न दिसतो प्रश्नासारखा, पण असते ती शिक्षा. तीन आठवडे तुम्ही रोज रात्री ती भोगताय, आणि भोगून झाली की हिशेब चुकता झाल्यासारखा वाटतो. म्हणून परवा पुन्हा तेच घडलं.

दिवसाउजेडी, टेबलाशी बसून, कागदावर हे करा. आधी तो प्रसंग तृतीयपुरुषी लिहा, स्वतःचं नाव घेऊन. ‘मी ओरडले’ लिहायच्या जागी तुमचं नाव घालून ‘अमकी ओरडली’ असं. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांमध्ये दिसलं आहे की स्वतःला नावाने संबोधून विचार केला की भावनेची धार बोथट होते आणि प्रसंगाकडे थोडं लांबून पाहता येतं. लिहिताना अवघडल्यासारखं होईल. चार ओळींनंतर ते जाईल.

मग दुसरा कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. ही रीत अर्गिरिस आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड शॉन यांनी वापरात आणली. उजवीकडे प्रत्यक्ष बोलली गेलेली वाक्यं, शब्दशः. डावीकडे त्या त्या क्षणी मनात आलेलं, पण न बोललेलं. तुमच्या प्रसंगात काय बोललं गेलं ते मला माहीत नाही, म्हणून माझाच सांगते. एका शिकाऊ शिक्षिकेला मी भर वर्गात म्हणाले होते, ‘एवढंही तुम्हाला शिकवलेलं नाही का?’ ते उजवीकडे लिहिलं. डावीकडे काय लिहावं हे कितीतरी वेळ सुचेना. ‘तिने तयारी केली नव्हती’ लिहिलं आणि खोडलं, कारण ते खरं असलं तरी त्या क्षणी ते माझ्या मनात नव्हतं. मग जे आलं ते असं : ‘मागच्या बाकावर वरिष्ठ बसल्या आहेत. त्यांना वाटेल, हिला तयार करणारी मीच कच्ची.’ इतके दिवस मी स्वतःला तापट समजत होते आणि राग आवरायचे निश्चय करत होते. तो राग नव्हताच. मी घाबरले होते. निश्चय चुकीच्या दुखण्यावर चालला होता, म्हणून लागू पडत नव्हता.

तुमच्या डाव्या बाजूला काय निघेल ते मी सांगू शकत नाही. पेशंटसाठी वाटलेली भीती असेल, नातेवाईक पाहत होते त्याचा संकोच असेल, त्या मुलीला तीच गोष्ट तीनदा सांगितल्याचा थकवा असेल. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी मांडा, परवाचाही. दोन्हीकडे समान काय होतं? कोणती वेळ होती, कितवी सलग ड्युटी होती, कोण उभं होतं? तिथे धागा सापडेल. आणि सापडला की मुलींसारखीच तुमचीही चिठ्ठी सुरू करा : ‘आज मी कुठे आवाज चढवण्याची शक्यता आहे?’ ड्युटीच्या आधी, दोन ओळी, खिशात.

हे करूनही रात्रीची झोप परत आली नाही, तर समुपदेशकाकडे जा. सलग कित्येक आठवडे झोप मोडणं हे कागदावर रेघा मारून सुटणारं काम नसतं, आणि मदत घ्यायला तुम्ही आणखी खचायची वाट पाहू नये असं मला मनापासून वाटतं.

‘कोणत्या तोंडाने’ याचं उत्तर आता देते. अर्नेस्ट कॉडमन नावाचे बॉस्टनचे शल्यचिकित्सक होते. ऑपरेशननंतर रुग्ण घरी गेला की काम संपलं, असं समजण्याच्या काळात ते प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड ठेवत आणि वर्षभराने त्याचं पुढे काय झालं ते त्यावर नोंदवत. स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांची माहिती त्यांनी छापून प्रसिद्ध केली, आणि तीत झालेल्या १२३ चुकाही मोजून मांडल्या. समव्यावसायिकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. पण आज वैद्यकात गुणवत्तेचा हिशेब ठेवण्याच्या कामात त्यांचं नाव आरंभी घेतलं जातं. चूक करणारा माणूस शिकवू शकतो का, याचं याहून चांगलं उत्तर मला ठाऊक नाही.

तेव्हा आठवड्यातून एकदा तुमची स्वतःची चिठ्ठी मुलींपुढे उघडा. ‘मला वाटलं होतं की ३ नंबरच्या पेशंटला आज बसवता येईल. नाही बसवता आलं. मी काय धरून चालले होते?’ आणि मुलींना उत्तर शोधू द्या, तुमच्या चुकीवर बोलू द्या. सैन्यातल्या बैठकीबद्दल वर म्हटलं ते हेच. पेशंटजवळ काम करतानाही, त्याला चालेल तिथे, मनातलं मोठ्याने बोला : ‘ही शीर चांगली वाटते, पण दाबल्यावर भरत नाहीये, मी दुसरी बघते.’ शॉन यांनी १९८३च्या आपल्या पुस्तकात वास्तुकलेच्या एका शिक्षकाचं वर्णन केलं आहे. विद्यार्थिनीचं अडलेलं चित्र पुढे घेऊन तो रेषा काढता काढता बोलत जातो, हे असं केलं तर काय होईल, आता हे बिघडलं, मग तिकडून पाहू. काम चालू असताना होणारा हा विचार मुरलेल्या माणसाच्या हातात असतो, पण तो त्याच्या इतका अंगवळणी पडलेला असतो की शिकणाऱ्याला दिसत नाही. तुमची ११ वर्षं मुलींना आज फक्त हातांच्या हालचालीत दिसतात. ती त्यांना ऐकूही येऊ देत.

वेळ कुठे आहे, असं सहकारी विचारतील. आधी दोन मिनिटं, नंतर दहा. रोज सगळ्यांनी लिहायलाच हवं असंही नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. वह्या तपासण्यात जाणारा तुमचा वेळ तसाही वाचेल.

आणि हो, माफी मागा. धाक जाईल की काय, याची चिंता तुम्हाला आहे. ज्या धाकाने मुली वहीत खरं लिहीत नाहीत, तो थोडा गेलेलाच बरा. पण एकटीला खोलीत बोलावून, दार लावून मागू नका. ज्यांच्यासमोर बोललात त्यांतल्या मुली तरी तिथे असाव्यात. पेशंट अजून वॉर्डात असेल तर त्याच्यासमोरही दोन शब्द बोला. ‘त्या दिवशी तुझं चुकलं होतं ते कसं सुधारायचं ते आपण पाहू, पण मी ज्या शब्दांत बोलले ते चुकीचं होतं, मला माफ कर’ एवढंच. ‘मी दमले होते’ वगैरे पुढे जोडू नका, ते डाव्या बाजूचं आहे, तुमच्या कागदावर राहू द्या. नंतर कधीतरी, दोघीच असताना, तिला विचारा की त्या दिवशी ते काम हाती घेताना तिला काय वाटलं होतं. तीन आठवडे तुम्ही तो प्रसंग रोज पाहताय, पण तिच्या बाजूने तो अजून कुणी विचारलेला नाही.